खजिनदार आणि त्यांची टोळी

प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत एक खजिनदार असतो आणि तो बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो. आमचेही त्याच वाणाचे. नळाच्या वॉशरचं ३५ रुपयांचं पक्कं बिल दिल्याशिवाय प्लंबर जिना उतरू शकत नाही. लिफ्टमध्ये सापडलेलं दोन रुपयांचं नाणं यांनी फलकावर सूचना लावून सांभाळलं, आणि मालक फिरकला नाही तेव्हा 'इतर जमा'मध्ये दाखवलं. असा हा माणूस सध्या चोरांच्या टोळीत आहे.

दोष लेकीचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांच्या डोळ्यांना विश्रांती म्हणून तिने त्यांच्या फोनवर स्कॉट लिंचची 'द लाइज ऑफ लॉक लमोरा' टाकून दिली. २००६ सालची कादंबरी, मायकेल पेजचा आवाज, ऐकायला सुमारे २२ तास. व्हेनिसच्या वळणाचं कालव्यांचं एक काल्पनिक शहर आणि तिथे उमरावांना गंडवणारी पाच जणांची टोळी. "आता या वयात चोऱ्यामाऱ्या ऐकायच्या?" म्हणून त्यांनी नाक मुरडलं खरं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर त्यांच्या फेऱ्या थांबेचनात. काकू जेवायला बोलवायला गेल्या तर यांनी हातानेच गप्प केलं.

आता कथा ऐकणारी माणसं पुष्कळ असतात. हे मात्र कथा तपासतात. लॉक नावाचा म्होरक्या ब्रँडीचा परदेशी व्यापारी बनून डॉन साल्वारा या सरदाराकडे जातो. आमच्याकडे युद्ध पेटतंय, पिंपं गुपचूप हलवायची आहेत, जहाजांसाठी भांडवल घाला, असा बनाव. हे ऐकून खजिनदार लिफ्टच्या दारात मला गाठून म्हणाले, "तारण नाही, जामीनदार नाही, नुसत्या कोटाच्या कापडावर कर्ज मंजूर! आमच्या शाखेत पहिल्या टेबलावरच अडकला असता." बोलणं निषेधाचं, पण डोळे चमकत होते.

पुढचा डाव ऐकला त्या रात्री तर त्यांना झोपच नव्हती. टोळीतलेच दोघं गुप्त पोलीस बनून त्या सरदाराकडे जातात आणि सरळ सांगतात, तुम्हाला फसवलं जातंय. पण चोर रंगेहाथ पकडायचाय, तेव्हा पैसे देत राहा. "म्हणजे बघा," खजिनदार म्हणाले, "चोरी यांची आणि पडताळणीही यांचीच!" इतक्या आदराने त्यांना मी रिझर्व्ह बँकेबद्दलही बोलताना ऐकलेलं नाही.

टोळीचा गुरू आंधळा पुजारी असल्याचं सोंग घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर दान गोळा करतो आणि पोरक्या पोरांना चोरीबरोबर स्वयंपाक, भाषा, पंक्तीतले रीतिरिवाज शिकवतो. त्यावर यांचं मत असं, की बँकेतल्या नव्या भरतीला निम्मं जरी असं प्रशिक्षण मिळतं, तरी काउंटरवर भांडणं झाली नसती. रुसवा एकाच गोष्टीचा. लुटलेलं घबाड देवळाखालच्या तळघरात नुसतं पडून असतं. खर्च कशावर करायचं हे त्या पोरांना सुचत नाही. "एवढी रक्कम विनाव्याज!" हे म्हणताना त्यांचा आवाज खरोखर कातर झाला. मुदत ठेवीचा अर्ज घेऊन ते त्या शहरात जायला निघाले असते.

मालिकेतला तिसरा भाग २०१३ साली आला आणि चौथ्याची वाचक अजून वाट पाहताहेत. खजिनदारांच्या लेखी तो लेखक थकबाकीदार आहे.

परवा समितीची बैठक चालू असताना त्यांचा फोन वाजला. पलीकडचा जरबेने म्हणाला, पोलीस खात्यातून बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे. आम्ही सगळे ताठ झालो. खजिनदारांनी स्पीकर चालू केला, लाल पेनाचं टोपण काढलं आणि शांतपणे विचारलं, "तुमच्यामागे कुकरची शिट्टी वाजली, ती कुठल्या चौकीतली? पार्सलमध्ये काय आहे ते आधी ठरवून या. आणि दुसरा माणूस कुठेय? मला सावध करायला कोणीतरी यायला हवं ना!"

फोन कट. यांनी उलटा लावून पाहिला, बंद. मग १९३० वर रीतसर तक्रार नोंदवली आणि इतिवृत्तात लाल शाईने लिहिलं: 'पूर्वतयारी अपुरी.'