अस्सल बरहुकूम नक्कल

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे ज्या वयात सुज्ञ गृहस्थ तरुणपणीच्या कवितांचे बाड माळ्यावर टाकून विम्याच्या हप्त्यांची चिंता करू लागतो त्या वयात, माझ्या हातून एक गीत लिहिले गेले. या कृत्याची सर्वस्वी जबाबदारी माझ्यावर नाही. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि माडगूळकरांचे शब्द व फडक्यांची चाल दर आठवड्यास आमच्या वाड्यातील एकुलत्या एका रेडिओभोवती दहा बिऱ्हाडे गोळा करू लागली. ऐकणाऱ्यांपैकी कोणी हात जोडीत, कोणी डोळे पुशीत. मी मात्र, कचेरीत एकवीस वर्षे मसुदे लिहिण्यात घालविलेला मनुष्य असल्यामुळे, मनाशी असा शेरा मारला की यातला बहुतेक शब्द आपल्या ओळखीचा, रोजच्या बोलण्यातला आहे, वाक्ये आखूड आहेत आणि अर्थ पहिल्या फटक्यात कळतो. तेव्हा हे काम लेखी खुलासा मागविण्यापेक्षा फारसे अवघड नसावे.

त्याच वर्षीच्या नवरात्रात, अष्टमीच्या रात्री, वाड्याच्या चौकात गाण्याचा कार्यक्रम करावयाचे ठरले. पेटीवर मास्तर, तबल्यावर त्यांचा भाचा आणि गायला शेजारच्या बिऱ्हाडातील वहिनी, ज्यांचा आवाज खरोखरच गोड होता आणि ज्यांचे यजमान इतके मितभाषी होते की त्यांचा आवाज कसा आहे हे वाड्यात कोणालाच ठाऊक नव्हते. ‘एखादे नवे गाणे मिळाले असते तर,’ असे मास्तर सहज म्हणाले. तो उद्गार होता. मी त्यास अर्जमागणी समजलो.

पहिला मसुदा मी एका रात्रीत पुरा केला. त्यात शारदीय चंद्रिका होती, अंतःकरणाची उत्कंठा होती, आणि ध्रुवपदात, ज्याचा मला विशेष अभिमान होता असा, ‘ज्योत्स्नास्नात’ हा शब्द होता. मास्तरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘हा शब्द तीन वेळा भरभर म्हणा पाहू.’ तिसऱ्या खेपेस माझी जीभ दातांत सापडली. ‘आता हेच गाताना म्हणायचे, तेही हसतमुखाने,’ मास्तर म्हणाले. मग त्यांनी पेटी ओढून तार षड्जावर बोट ठेवले. अंतऱ्यात नेमक्या त्या जागी मी ‘हितगुज’ बसविले होते. ‘इथे वहिनींनी तोंड उघडायचे ते कुठे? पहिली इकार, पुढची उकार. सगळ्या उंच जागी तुम्ही दार लावून घेतले आहे. मला आकार द्या, आकार!’ आयुष्यात प्रथमच मला कळले की ज्या शब्दांची मी अर्थावरून भरती करीत होतो त्यांची गाण्यात आधी तोंडाच्या आकारमानावरून तपासणी होते.

दुसरा आक्षेप वाड्यातील एका निवृत्त गृहस्थांनी घेतला. त्यांच्या हातात पंचांग होते. ‘नवरात्राचा आरंभ प्रतिपदेला, त्या रात्री चांदणे असते कोठे?’ मी निरुत्तर झालो. पण मास्तरांनी पेटीवरून मान न उचलता निकाल दिला की गाणे अष्टमीला आहे, अष्टमीला अर्धा चंद्र असतो आणि गाण्यास तेवढा पुरतो.

मास्तरांची चाल आधीच तयार होती. प्रथम मला हा उलटा कारभार वाटला. कविता आधी आणि चाल मागाहून, ही माझी समजूत. पण जुन्या संगीत नाटकांची पुस्तके काढून पाहिली तेव्हा पदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून कोणत्या ना कोणत्या आधीच्या पदाचा दाखला छापलेला दिसला, आणि १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जर तयार अंगरख्यात देह बसवू शकत होते तर माझ्यासारख्या नवशिक्याने कुरकुर करण्याचे कारण उरले नाही. वाचनालयातून मी माधवराव पटवर्धनांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथही आणला. तो उशाशी घेऊन निजण्याजोगा जाड होता आणि एकदोनदा मी तो तसा घेतलाही. परंतु लघूची एक मात्रा व गुरूची दोन, हा त्यातला हिशेब माझ्या चांगला अंगवळणी पडला, कारण अखेर तो हिशेबच होता, आणि हिशेबात मी कोणास हार जात नाही.

केरवा ताल आठ मात्रांचा. मी एका जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानावर आठ-आठ घरे आखली आणि शब्दांची रुजवात घ्यावयास बसलो. ‘ज्योत्स्नास्नात’ बडतर्फ झाले. त्याच्या जागी आले ‘नवरात्रीच्या चांदण्यात या’. न एक, व एक, रा दोन, त्री दोन, च्या दोन. एकूण आठ, बिनतक्रार. चां दोन, द एक (‘ण्या’चा आघात मागील अक्षरावर येत नाही, सबब ‘द’ लघूच, ही सवलत मी नियमाच्या आधारेच पदरात पाडून घेतली), ण्या दोन, त एक, या दोन, पुन्हा आठ. दुसऱ्या ओळीत ‘अंगण माझे न्हाले’ इथपर्यंत येऊन चार मात्रांची जागा रिकामी राहिली. तेव्हा मराठी गीतांत ‘गं’, ‘रे’, ‘सये’, ‘बाई’ ही मंडळी एवढ्या मोठ्या संख्येने का वावरतात याचे रहस्य मला उमगले: ती भावनेने आलेली नसतात, रिकाम्या जागांवर नेमलेले ते बदली कारकून असतात. ‘गं’ दोन मात्रांचा, ‘सये’ तीनचा. चाराची जागा होती, म्हणून मी ‘बाई’ला रुजू करून घेतले. ‘अंगण माझे न्हाले बाई.’ सोळास सोळा. त्या रात्री मला जी झोप लागली ती मार्चअखेरचा ताळेबंद पहिल्या फेरीत जुळल्यावरही लागली नव्हती.

तालमी चार झाल्या. चारही वेळा मी कागद हातात धरून, शब्दांवर बोट फिरवीत, एकही मात्रा गळत नाही याची खातरजमा करून घेतली. आता विचार करता वाटते, तो कागद हातात नसता तर बरे झाले असते. मास्तरांचे म्हणाल तर त्यांना शब्द ऐकूच येत नसत. पेटीच्या भात्याला जसा वारा लागतो तसे गळ्याला शब्द लागतात, यापलीकडे त्यांचा शब्दांशी व्यवहार नव्हता.

अष्टमीच्या रात्री चौक भरला. पुढच्या सतरंजीवर मध्यभागी वहिनींचे यजमान, त्यांच्या शेजारी, कानाला थोड्या कमी झालेल्या त्यांच्या मातुःश्री. मी खांबाला टेकून, कागद खिशात ठेवून, रचनाकाराला शोभेल अशा नम्र मुद्रेने उभा राहिलो. तबल्याने ठेका धरला आणि वहिनींनी समेवर उचल केली:

‘नवरा…’

आणि त्या थांबल्या. थांबावयाचेच होते, कारण केरव्याच्या आठ मात्रा चार-चारांत विभागलेल्या असतात, पहिलीवर सम, पाचवीवर काल, आणि माझा हिशेब इतका चोख होता की चार मात्रांचा पूर्वार्ध बरोबर ‘नवरा’पाशी संपत होता. मास्तरांनी तेथे मुद्दाम एक सुंदर हरकत ठेवली होती. ती घेऊन मुखडा पुन्हा उचलावयाचा, असा बेत होता. ‘नवरा…’ वहिनींनी पुन्हा म्हटले, या वेळी अधिक आर्ततेने. तिसऱ्यांदा त्यांनी त्या ‘रा’वर, मी मोठ्या मिनतवारीने पुरविलेल्या आकारावर, अशी काही लांब, थरथरती, काळीज हलविणारी आलापी केली की सगळा चौक हळूहळू, जणू एकाच दोरीने ओढल्यासारखा, पुढच्या सतरंजीकडे वळला. यजमान सतरंजीच्या पट्ट्या मोजू लागले होते. मग कालेवर, स्पष्ट उच्चारात, आले: ‘त्रीच्या चांदण्यात या.’

मागून पोरांचा हशा फुटला. मी खिशातून कागद काढून पाहिला. कागदावर शब्द अखंड होता. ‘नवरात्रीच्या’, एका शिरोरेघेखाली, एकदिल, निर्दोष. एकवीस वर्षांत मी असे कितीतरी कागद वर पाठविले होते, परंतु त्यांपैकी एकही कोणी चौकात तबल्यावर वाचून दाखविला नव्हता.

वहिनी मात्र विचलित झाल्या नाहीत. हशा ऐकून त्यांना काय झाले ते कळले असावे, कारण दुसऱ्या अंतऱ्यानंतर मुखड्यावर परत येताना त्यांनी ती जागा टाळण्याऐवजी आणखी थोडी खुलविली, आणि, माझी नजर मला फसवीत नसेल तर, किंचित हसल्या. त्यानंतर मागच्या हशाचा सूर बदलला आणि बायकांच्या बाजूने, माझ्या आयुष्यातला पहिला व शेवटचा, ‘वन्समोअर’ आला.

कार्यक्रम संपल्यावर मी अंधाऱ्या जिन्याने सटकण्याच्या बेतात असता मातुःश्रींनी मला गाठले. ‘गाणे तुम्ही केलेत ना?’ त्या म्हणाल्या. ‘अर्थ फार चांगला आहे हो. नवऱ्या, स्त्रीच्या चांदण्यात ये. आणि मग अंगण न्हाऊन निघते म्हणते ती. आमच्या वेळी असे कोणी उघड म्हणत नसे.’ मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडले; पण नवरात्र, प्रतिपदा, जोडाक्षराचा आघात आणि केरव्याची काल, एवढे सगळे प्रकरण त्या माउलीच्या कमी ऐकणाऱ्या कानापुढे मांडण्याचा धीर मला झाला नाही. शिवाय मी जे लिहिले होते त्यात अर्थ म्हणून एवढाच होता की नवरात्रात चांदणे पडते, आणि तोही पंचांगावाल्यांच्या मते पुरता खरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. यजमान उभे होते. वाड्यात ज्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता ते गृहस्थ, माझ्या खांद्यापलीकडे भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहत, म्हणाले, ‘आईला त्या गाण्याची नक्कल हवी आहे.’ मी त्यांना बसावयास सांगितले. ते बसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘दोन झाल्या तरी चालतील.’

मी दौत पुढे ओढली आणि ध्रुवपद लिहू लागलो. पहिल्या चार मात्रांशी माझा टाक थबकला. कचेरीच्या एवढ्या नोकरीत मूळ दस्तऐवजातला काना-मात्रा नकलेत बदलल्याचा एकही दोष माझ्यावर नव्हता. मी ‘नवरा’ लिहिले, शिरोरेघ तोडली, एक स्वल्पविराम दिला, पुढच्या ‘त्री’ला वळणदार ‘स्’ जोडला, आणि दोन्ही प्रतींच्या खाली, सवयीप्रमाणे, सही करून लिहिले: अस्सल बरहुकूम नक्कल.