अप्पांचा मागचा दिवा

अप्पांच्या एमजीबीचे रिव्हर्सचे दिवे लागत नाहीत, ही बातमी सॉलिहलमधल्या आम्हा मराठी मंडळींना वर्षभर पुरली. गणपतीत आरती संपून खिरापत हातावर पडायच्या आत तीच, दिवाळीच्या फराळाला तीच. संक्रांतीला तिळगूळ देताना माणूस निदान 'गोड बोला' म्हणतो, अप्पांनी माझ्या हातावर वडी ठेवली आणि म्हणाले, "स्विचच असणार रे. दुसरं काही असूच शकत नाही."

अप्पा मूळचे साताऱ्याचे, पुण्याच्या बी. जे.त शिकलेले आणि सत्तरच्या दशकात इंग्लंडला आलेले भूलतज्ज्ञ. नोकरीभर माणसं झोपवली आणि निवृत्त झाल्यावर गाडी उठवायला घेतली, हे काकूंचं वाक्य. ते त्या अप्पांच्या देखतच म्हणतात आणि अप्पा ते प्रशस्तिपत्रक समजतात.

गाडी १९७१ ची. गर्द हिरवी, दोन माणसांची, कापडी टपाची. एमजीबी ही काही दुर्मिळ चीज नव्हे. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांचे सुटे भाग आजही नवेकोरे मिळतात. पण पाहुणा आला की अप्पा बॉनेट उघडतात आणि इंजिनाकडे हात करून म्हणतात, "हा आपल्या घरातला." त्यात तथ्य आहे. हे बी-सिरीजचं इंजिन. आपल्या ॲम्बॅसिडरमध्ये याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन वर्षानुवर्षं खपलं. एमजीबीतलं १७९८ सीसीचं. साताऱ्याच्या थोरल्या काकांकडे ॲम्बॅसिडर होती, तेव्हा ही गाडी अप्पांच्या हिशेबी चुलतघराण्यातली ठरते. काकूंचं म्हणणं, सासरच्या माणसांचं इतकं तर त्यांनी मलाही करू दिलं नाही.

आता या दिव्यांची गरज कोणाला होती, हे आधी सांगायला हवं. कोणालाच नव्हती. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षं उलटलेल्या, मुळात मोठे फेरफार न झालेल्या गाडीला एमओटीची वार्षिक तपासणी माफ असते. बरं, तपासणी केलीच तरी रिव्हर्सचा दिवा बघतात तो सप्टेंबर २००९ पासूनच्या गाड्यांचा. एमजीबीला स्वतःलाही हे दिवे जन्मतः नव्हतेच, ते १९६७ मध्ये आले. हे सगळं काकूंनी शोधून काढलं आणि जेवताना अप्पांच्या पानात वाढलं. अप्पांनी भात कालवला. "कायद्याला नको असेल," ते म्हणाले, "गाडीला हवाय."

अप्पांच्या जातीची माणसं जगात सगळीकडे आहेत. कोणाकडे घड्याळं असतात, कोणाकडे जुने रेडिओ. वस्तू चालू झाली की त्यांचा तिच्यातला जीव उडतो. चालेनाशी झाली की यांना रात्री दोनला जाग येते. आणि दोष सोपा निघाला तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो.

दिव्यांचा मार्ग खरं तर सरळ आहे. इग्निशन दिलं की फ्यूजमधून वीज गिअरबॉक्सवरच्या एका स्विचपर्यंत येते. रिव्हर्स टाकला की आतला दांडा स्विचची पिन दाबतो, वीज मागच्या दोन दिव्यांत जाते आणि तिथून अर्थिंगने गाडीच्या पत्र्यात. शहाणा माणूस बल्बपासून सुरुवात करील. अप्पांनी गिअरबॉक्सपासून केली, कारण तिथे हात पोचत नाही.

त्याआधी अभ्यास झाला. लुकसच्या वायरींचे रंग अप्पा परवचा म्हणावा तसे म्हणायला लागले. हिरवी ती इग्निशनची, फ्यूजमधून आलेली. हिरवीवर तपकिरी पट्टी, रिव्हर्स. हिरवीवर जांभळी, ब्रेक. काळी, अर्थिंग. लुकस म्हणजे बर्मिंगहॅमचा जोसेफ लुकस. त्याच्या कंपनीच्या सामानावर इंग्रज माणसं पिढ्यान् पिढ्या विनोद करत आली आहेत. अंधाराचा राजपुत्र म्हणतात त्याला. इंग्रज बिअर कोमट का पितात, तर फ्रिज लुकसचा, हाही त्यातलाच. हा विनोद अप्पांसमोर करायची सोय नाही. "सायकलच्या दिव्यांवर ज्यानं नाव काढलं, त्याला तुम्ही अंधाराचा म्हणता?" ते कडाडतात. "पन्नास वर्षं जोडांना गंज चढू दिलात तुम्ही, आणि नाव त्याचं! अरे, १९६१ साली टीव्हीएसबरोबर मद्रासला कारखाना काढला या लोकांनी. आपल्याकडे कोणी हसलं का?" मी हसत नाही. अप्पांना हातात टॉर्च धरणारा माणूस लागतो आणि तो मी आहे.

गाडी स्टँडवर चढली. भूलतज्ज्ञाचा स्वभाव असा की जॅकवर भरवसा नाही म्हणून स्टँड, स्टँडवर नाही म्हणून बाजूला स्टेपनी सरकवलेली, आणि हे कमी पडलं तर मी. अप्पा पाठीवर आडवे होऊन खाली सरकले. बाहेर फक्त पायमोजे दिसत होते. काकूंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं होतं.

"टाकला का?" खालून.

"टाकला." वरून कर्रर्र.

"इंजिन बंद आहे ना? मग आवाज कसला?"

"तो माझ्या गुडघ्याचा होता."

"बरं. लागला का दिवा?"

"मला कसा दिसणार? मी पुढे बसलेय."

"तू बघ रे मागे जाऊन."

मी मागे गेलो की टॉर्च जायची आणि टॉर्च गेली की अप्पांच्या हातून पाना निसटायचा. पुरुषार्थाच्या या प्रकारात माणसं नेहमी एकाने कमी पडतात.

याच वेळी कुंपणापलीकडचे गोरे आजोबा चहाचा मग घेऊन डोकावले. तेही अप्पांच्याच जातीचे, पण त्यांची गाडी सध्या चालू होती, म्हणून बिचारे रिकामे होते. त्यांनी विचारलं, इंडिकेटर चालतो का? ब्रेकचा दिवा? दोन्ही चालत होते. मग फ्यूज शाबूत आहे, ते म्हणाले, या सगळ्यांचा फ्यूज एकच. आणि बॉनेट उघडून मागच्या भिंतीजवळ बघा, गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या वायरींचे जोड तिथे वरच मिळतील. हिरवी आणि हिरवी-तपकिरी एकमेकींना टेकवा. दिवे लागले तर दोष स्विचचा, नाही लागले तर पुढचा. खाली शिरायची गरजच नाही.

खालच्या पायमोज्यांची हालचाल थांबली.

टेकवल्या. डावा दिवा लागला, उजवा नाही. उजव्याचा होल्डर उघडला तर आत हिरवट पांढरी बुरशी चढावी तसा गंज. पॉलिश पेपरने घासला, काळ्या वायरीचा स्क्रू पत्र्यापर्यंत खरवडून परत आवळला, आणि तोही लागला. म्हणजे राहिला स्विच. अप्पांचा चेहरा उजळला. स्विच त्यांचाच होता.

तो शेवटी निघाला तेव्हा त्यांच्या चष्म्यावर तेलाचा एक थेंब आणि तळहातावर अंगठ्याएवढी वस्तू होती. स्विचच्या मानेभोवती लाल फायबरचे वायसर असतात. सगळी करामत त्या वायसरांत. वायसर जास्त झाले तर स्विच बाहेर राहतो, दांडा पिनेपर्यंत पोचत नाही आणि दिवा लागत नाही. आधीच्या कोण्या मालकानं सढळ हाताने वायसर घातले होते. एक काढून बघायला हवा होता. पण अप्पांनी वर्षभराचा राग त्या वायसरांवर काढला. एकही ठेवला नाही.

दिवे लागले. काकूंनी टाळ्या वाजवल्या. त्याच आनंदात दोघं टप उघडून स्ट्रॅटफर्डला निघाली आणि मी माझ्या गाडीतून मागे. पहिल्या सिग्नलला माझ्या लक्षात आलं की समोर पांढरे दिवे जळताहेत. हिरवा झाला, अप्पा पहिल्यात निघाले, दिवे जळताहेत. दुसरा, तिसरा, चौथा, तरी जळताहेतच. वायसर नसल्यामुळे स्विच इतका आत गेला होता की पिन कायमची दाबलेली. मागचा प्रत्येक माणूस ही गाडी आता आपल्या अंगावर येणार म्हणून सावध. मी हॉर्न वाजवला. अप्पांनी हात हलवून प्रतिसाद दिला. एक लॉरी तर इतकी मागे राहिली की आमच्यात एक गाव मावलं असतं.

स्ट्रॅटफर्डला उतरल्यावर अप्पा प्रसन्न होते. "आज लोकांनी काय अंतर राखलं रे! जुन्या गाडीला अजून मान आहे या देशात."

मी सांगितलं. पुढे जाताना रिव्हर्सचा दिवा चालू ठेवणं इथे गुन्हा आहे, हे काकूंनी सांगितलं. त्यांचा कायद्याचा अभ्यास तोवर बराच झाला होता. ज्या दिव्याशिवाय अप्पा इतकी वर्षं निर्धास्त हिंडले, तो लागल्याबरोबर ते कायद्याच्या कचाट्यात आले. परत येताना फ्यूज काढला तर ब्रेकचे दिवेही जाणार, म्हणून बॉनेटखालचा तो हिरव्या वायरीचा जोड तेवढा सोडवला. दोन बोटांचं काम. अप्पांनी ते माझ्याकडून करून घेतलं आणि स्वतः एव्हन नदीतले हंस बघत राहिले.

पुढच्या रविवारी वायसर परत गेले. आधी एक, मग दुसरा, आणि दुसऱ्याला जमलं. न्यूट्रलला बंद, पुढच्या चारही गिअरना बंद, रिव्हर्सला लख्ख. गोऱ्या आजोबांनी कुंपणावरून अंगठा दाखवला. काकूंनी शिरा केला होता.

"आता तुम्ही बसा अप्पा, आणि रीतसर मागे घ्या," मी म्हणालो.

जून महिना, रात्रीचे आठ वाजून गेले तरी ऊन होतं, त्यामुळे गॅरेजच्या दारावर प्रकाश पडलेला दिसायचा प्रश्न नव्हता. अप्पांनी गाडी उभी ठेवून क्लच दाबला, रिव्हर्स टाकला. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, तेव्हा या वेळी कर्रर्र गिअरबॉक्सचाच होता.

"लागला का?"

"लागला!" आम्ही तिघं एकसुरात.

"दोन्ही?"

"दोन्ही!"

अप्पांचा विश्वास बसला नाही. आयुष्यभर त्यांनी पेशंटच्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भिस्त ठेवलेली. पण चालू गाडी गिअरमध्ये सोडून उतरणंही त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्यांनी न्यूट्रल केला, हँडब्रेक ओढला, दार उघडून सावकाश मागे आले, कमरेवर हात ठेवून वाकले आणि दोन्ही विझलेल्या दिव्यांकडे निरखून पाहिलं.

"बघितलंत?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा खुलला होता. "टॉर्च आण रे."