टिचकीकाका

पक्षी पाहायला जाणाऱ्या प्रत्येक घोळक्यात काही पात्रं ठरलेली असतात. पक्षी उडून गेल्यावर त्याचं नाव सांगणारा एक असतो. डोळ्यांनी काहीही न पाहता कॅमेऱ्याचा धडाधड गोळीबार करणारा एक असतो. पाणवठा यायच्या आधीच धपाट्यांचा डबा उघडणारा एक असतो, आणि त्याच्यावर सगळ्यांचं मनापासून प्रेम असतं. या सगळ्यांच्या मागे दहा पावलांवर, पाण्याकडे पाठ करून, दुसऱ्याच्या ट्रायपॉडच्या पायांकडे रोखून पाहणारे जे गृहस्थ असतात, ते टिचकीकाका.

नाव अर्थातच गटानं ठेवलेलं आहे. प्रकार असा होतो. थंडीतली सकाळ, कवडीपाटचा बंधारा, मुळा-मुठेवर नेहमीचा फेस. कुणीतरी नवाकोरा स्पॉटिंग स्कोप लावून पलीकडच्या काठावर बसलेल्या दलदली भोवत्याला धरून ठेवलेलं असतं. साठपट मोठा झालेला भोवत्या डोळा वळवून पाहतोय, पाहणाऱ्यानं श्वास रोखलाय, आणि तेवढ्यात काका हळूच येतात आणि ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारतात. भोवत्या, काठ आणि पलीकडचा उसाचा फड असं सगळं थरथरायला लागतं. काका घड्याळाकडे बघत मोठ्यानं मोजतात, "एक... दोन... तीन... चार." मग निकाल देतात, "चार सेकंद. विकून टाका."

"अहो काका, भोवत्या होता!"

"भोवत्या कुठे जातोय? मार्चपर्यंत आहे तो इथेच. हा तुमचा शेवटचा टप्पा बघा आधी, अगरबत्तीएवढा आहे!"

आता चीड येते, पण पंचाईत अशी की काकांची परीक्षा खरी आहे. स्कोप पक्ष्याला साठपट मोठं करतो, तसाच हाताचा कंप, वारा आणि शेजाऱ्याची शिंकही साठपट मोठी करतो. टिचकी मारल्यावर चित्र किती वेळात थाऱ्यावर येतं, यावरून ट्रायपॉडची लायकी कळते. डब्यावर छापलेल्या आकड्यावरून ती कळत नाही. "वहनक्षमता १५ किलो" असं कुणी कौतुकानं वाचून दाखवलं की काका विचारतात, "उचलेल हो पंधरा किलो. हलेल किती?" हा आकडा कसा मोजायचा याचं सगळ्या कंपन्यांनी पाळलेलं एकच प्रमाण नाही, त्यामुळे प्रत्येक कंपनी आपापल्या स्वभावाप्रमाणे तो छापते.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची उमेदीची वर्षं थिओडोलाइटच्या तिपाईशेजारी उन्हात उभं राहण्यात गेली, आणि माणूस ज्याच्याशेजारी इतकी वर्षं उभा राहतो त्याच्यावर त्याचा जीव जडतो, हा सृष्टीचा नियम आहे. ट्रायपॉड रोवताना पायानं दाबून टोक जमिनीत बसवायचं, उतारावर दोन पाय खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला ठेवायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. कुणी "काका, दोन किलोचा ट्रायपॉड जड होतो हो" असं कुरकुरलं की ते विल्यम लॅम्बटनला बोलावतात. "अर्धा टन! अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन तो माणूस हिंदुस्थान मोजत निघाला. मद्रासकडून मोजत मोजत आला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. सत्तरीच्या आसपासचा होता. आणि तुम्हाला दोन किलो होत नाहीत!" लॅम्बटनच्या मरणाचं कारण तो अर्धा टनच असावा, असं आमच्यातल्या एकानं सुचवून पाहिलं. काकांनी त्याच्या ट्रायपॉडला टिचकी मारली.

लॅम्बटननंतर काकांची भक्ती आहे ती ॲरिझोनातल्या शिकाऱ्यांवर. स्वतः काका चातुर्मास पाळणारे. घरात पाल दिसली तरी तिला सुपात घेऊन खिडकीबाहेर सोडणारे. पण तिकडचे शिकारी कूस हरणासाठी पहाटेपासून डोंगरउतारावर कसे बसतात, ५६ मिलिमीटर भिंगांची पंधरापट दुर्बीण ट्रायपॉडवर चढवून समोरची टेकडी झुडूप-झुडूप कशी विंचरून काढतात, याचं वर्णन ते कीर्तनकाराच्या तन्मयतेनं करतात. ते करड्या रंगाचं लहानखुरं हरीण करड्या झुडपात कानाच्या हालचालीनंच सापडतं, आणि दुर्बीण हातात धरली तर कान हलला की आपला हात, हे कळत नाही. म्हणून तो शिकारी ट्रायपॉडच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. त्याला तो खडकावर आपटायचा असतो, घोड्यावर बांधायचा असतो, बर्फात हातमोज्यांसकट उघडायचा असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली ते फार उत्तम झालं, असं काकाही म्हणतात. पण लगेच पुढे पुटपुटतात, "ट्रायपॉड मात्र शिकाऱ्याला विचारून घ्यावा." त्या लांबट काळ्या पिशवीमुळे एसटीच्या वाहकानं एकदा त्यांना "बंदूक आहे का काय?" असं विचारलं होतं. काकांनी त्याला तिकीट फाडायच्या आधी कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियम यांतला फरक समजावला.

तो फरक ते प्रत्येकाला समजावतात. कार्बन हलका, थरथर लवकर गिळणारा, पहाटेच्या गारठ्यात हाताला न चावणारा. गित्झो या ट्रायपॉड बनवणाऱ्या कंपनीनं १९९४ मध्ये पहिल्यांदा कार्बनचे पाय काढले, ही तारीख काकांना मुलीच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. ॲल्युमिनियम जड आणि स्वस्त. आपटलं तर त्याला पोचा पडतो, म्हणजे दुखणं दिसतं तरी. कार्बनला वर्मी घाव बसला तर तो चिरतो. "आणि चिरला की संपला." स्वतः काकांकडे मात्र रंग उडालेला, तीन टप्प्यांचा, ॲल्युमिनियमचाच ट्रायपॉड आहे. ठाणे खाडीवर जाऊन आले की घरी आधी ट्रायपॉडची गोड्या पाण्यानं अंघोळ होते, टप्पे सुटे होतात, खटके पुसले जातात, आणि मग काकांची अंघोळ. खाऱ्या चिखलाला धातू आवडतो, असं त्यांचं म्हणणं. घरच्यांचं म्हणणं वेगळं आहे, पण तोवर न्हाणीघराचं दार आतून बंद झालेलं असतं.

काकांना दुकानात घेऊन जाणं हा स्वतंत्र सोहळा आहे. तिथला विक्रेता त्यांना ओळखतो आणि ते दिसले की चहा सांगतो. चहा त्यांच्यासाठी नसतो, स्वतःसाठी असतो. काका खिशातून टेप काढतात आणि गिऱ्हाइकाला भिंतीशी उभं करून जमिनीपासून डोळ्यापर्यंत मोजतात. त्यातून हेडची उंची वजा, स्कोपची उंची वजा. "बूट कुठले घालता? गमबूट? मग दोन सेंटिमीटर धरा." एवढी उंची मधला दांडा न उचलता मिळाली पाहिजे. मधला दांडा उचलणं ही काकांच्या लेखी चारित्र्याची गोष्ट आहे. तीन पायांनी मोठ्या कष्टानं मिळवलेलं स्थैर्य एका दांड्यावर उधळायचं! नाइलाज असेल तर ठीक, पण उचलला तर लोकांसमोर नको. स्कोपची डोळा लावायची बाजू तिरकी असेल तर ट्रायपॉड बुटका चालतो, आणि घोळक्यातली ठेंगणी-उंच सगळी माणसं त्याच उंचीवर वाकून पाहू शकतात. हे ऐकून कुणी सरळ स्कोप खाली ठेवून तिरका उचलला की काका जग थोडं सुधारल्यासारखे हसतात.

मग टप्प्यांचा प्रश्न. चार टप्प्यांचा ट्रायपॉड घडी घातल्यावर आखूड होतो, पण त्याचा शेवटचा टप्पा बारीक. तीनचा लांब राहतो, पण उभा राहतो. उघडताना वरचे जाड टप्पे आधी ओढायचे, तळातला बारीक शेवटी, शक्यतो नाहीच. पिळायचं लॉक की खटक्याचं, यावर विक्रेता आणि काका यांच्यात जुनं वैर आहे. विक्रेत्याला खटका प्रिय, कारण लागलाय की नाही ते लांबून दिसतं. काकांना पिळायचं लॉक, कारण झुडपात अडकत नाही. आणि हेड? बॉल हेड कॅमेऱ्याला ठीक. स्कोप लावला आणि जरा सैल सुटलं की त्याचं नाक धाडकन जमिनीकडे. स्कोपला व्हिडिओवाल्यांचं, तेलात फिरल्यासारखं हळू वळणारं फ्लुइड हेडच हवं. अडीच तासांनी गिऱ्हाईक ट्रायपॉड घेऊन बाहेर पडतं. त्याला फक्त रविवारी पक्षी बघायचे असतात, हे ते स्वतःही विसरलेलं असतं.

काकांना पक्षी आवडत नाहीत, असं मुळीच नाही. पण भिगवणच्या रोहितांबद्दल त्यांच्या मनात अढी आहे. एवढा उंच पक्षी, उजनीच्या वाऱ्यात, एका पायावर! गटातल्या एका डॉक्टरबाईंनी त्यांना सांगितलं की २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मेलेल्या रोहितांवर हा प्रयोग केला. मेलेला रोहितही एका पायावर, स्नायूंच्या मदतीशिवाय, स्थिर उभा राहिला. दोन पायांवर मात्र राहिना. सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "तीनवर करून पाहिलं का त्यांनी?"

भिगवणला त्यांची खरी अडचण होते ती होडीत. ट्रायपॉड कितीही भक्कम असला तरी त्याच्या खालची होडीच डुलत असते, आणि डुलत्या जमिनीवर लॅम्बटनचंही काही चालत नाही. काका तो मांडीवर आडवा घेऊन रडवेले बसतात. कुंभारगावच्या नावाड्यानं एकदा शांतपणे ऐकवलं, "सायेब, ह्ये घरी ठिवलं असतं तर अजून एक मानूस बसलं असतं."

एवढं असून काकांना कुणी गटातून काढत नाही. कारण मागच्या हिवाळ्यातला टिलव्यांचा वाद. चिखलात मूठभर पक्षी पळत होते. निम्मे लोक म्हणाले छोटा टिलवा, निम्मे म्हणाले टेमिंकचा. फरक पायांच्या रंगात आहे. छोट्याचे काळे, टेमिंकचे पिवळट. वारा सुटलेला, अंतर मोठं, आणि प्रत्येकाच्या महागड्या स्कोपात पाय काळे, पिवळे आणि तिपटीनं दिसत होते. काकांनी आपला रंग उडालेला ट्रायपॉड जमिनीत दाबला, पाय पसरून बुटका केला, मधल्या हुकाला धपाट्यांच्या डब्याची पिशवी लटकवली आणि स्वतः बैठक मारली. रांगेत सगळ्यांनी पाहिलं. पाय पिवळे होते, दगडासारखे स्थिर. पायांचा प्रश्न म्हटल्यावर काकांनीही भिंगातून पाहिलं, बहुधा त्या सकाळी पहिल्यांदाच.

तेव्हा स्कोप घ्यायच्या विचारात असाल तर आपल्या गावचे टिचकीकाका आधी शोधा. ते असतातच. फुकट येतात, खरं सांगतात आणि टेप स्वतःचा आणतात. स्कोपवर सगळे पैसे घालवून उरलेल्या चिल्लरमध्ये ट्रायपॉड घेऊ नका. पैसे कमी असतील तर स्कोप एक पायरी खालचा चालेल. खरेदी झाली की काकांना चहा पाजा, आभार माना, आणि रविवारी कुठे पक्षी पाहायला जाणार आहात ते मात्र त्यांना सांगू नका.