गादीवर ठेवता ना?

आमच्या सोसायटीत कोणाचा लॅपटॉप बंद पडला की पाच मिनिटांत त्याच्या दाराची बेल वाजते. काकांना बातमी कोण पोचवतं, देव जाणे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. चपला काढता काढताच पहिला प्रश्न :

“गादीवर ठेवता ना?”

आपण तोंड उघडायच्या आत डॉक्टर “बाहेरचं खाल्लंत ना?” म्हणतात, तोच सूर. नाही म्हटलं तर “मुलं ठेवत असतील.” मुलं नाहीत म्हटलं तर “पाहुणे येऊन गेले का?”

बरं, मूळ मुद्दा खोटा नाही. गादीवर खालच्या जाळ्या बुजतात, पंखा गुदमरतो, यंत्र तापतं आणि स्वतःला वाचवायला झटकन मिटतं. पण तळमजल्यावरच्या वकीलबाईंच्या चार्जरची पिन सैल झाली, तीही गादीमुळे? दुसऱ्या मजल्यावर मांजरानं वायर कुरतडली, तर काका शांतपणे म्हणाले, “मांजर झोपतं कुठं?” मी हौसेनं टेबल घेतलं. त्यावरच्या टेबलक्लॉथला चिमटीत धरून ते म्हणाले, “ही पातळ गादीच.”

2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम-आयन बॅटरीला मिळालं, हे त्यांना तोंडपाठ. तिघांतल्या गुडइनफसाहेबांचं वय तेव्हा 97. “सत्त्याण्णव! आणि तुमची बॅटरी तीन वर्षांत आडवी. का?” का, ते आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

एकदाच ते गादी विसरले. वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीच्या लॅपटॉपचा टचपॅड वर आला होता. काकांनी नुसतं बोट फिरवलं आणि चार्जर ओढून काढला. “बॅटरी फुगलीय. दाबायची नाही, टोचायची नाही, परत चार्जिंगला लावायची नाही.” लॅपटॉप बंद करून स्वतः दुकानात घेऊन गेले, बॅटरी काढून होईपर्यंत तिथंच उभे राहिले, आणि ती कचऱ्याच्या डब्यात न जाता ई-कचऱ्यातच गेली याची खात्री करून परतले.

मग माझी पाळी आली. चौतीस टक्के दिसत असताना पडदा काळा. काकांनी (गादी झाल्यावर) कमांडची काळी खिडकी उघडली, एका बोटानं ‘पॉवरसीएफजी’, मग तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ टाइप केलं. अहवाल आला : बॅटरी नवी असताना क्षमता 50,000 मिलिवॅट-अवर, आता पूर्ण भरली तरी 19,000.

“टक्के हा नुसता अंदाज असतो. सेल म्हातारे झाले की आतला रोध वाढतो. तुम्ही व्हिडिओ लावलात, लोड आला, की व्होल्टेज बसतं आणि आतलं सर्किट लाइन तोडतं. गावाकडे पिठाची गिरणी सुरू झाली की घरातला बल्ब पिवळा पडायचा, तसंच हे...”

मला दोन तासांत मजकूर पाठवायचा होता. “काका, ते राहू द्या. सुरू कधी होणार?”

ते एकदम गप्प झाले. चष्मा काढून पुसत बसले.

“बत्तीस वर्षं वीज मंडळात काढली,” म्हणाले. “पावसाळ्यात रात्र-रात्र फोन घ्यायचो. इन्सुलेटर फुटलाय, फांदी तारेवर पडलीय, जंपर जळलाय, सगळं मला माहीत असायचं. पण विचारायचे सगळे एकच : कधी येणार? लाइट का गेले, ते एकानं विचारलं नाही.”

चार्जर लावून काम भागेल, नवी बॅटरी घ्या, एवढं सांगून ते निघाले. जाताना टेबलक्लॉथकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मला फारच लागलं.

नवी बॅटरी बसवली. महिन्याभरात लॅपटॉप पुन्हा एकदा मिटला. बेल वाजली. ‘कधी’ अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

“काका, हा का बंद पडतो हो?”

काकांनी खुर्ची ओढली. बायकोनं न सांगता चहा टाकला.

“गादीवर ठेवता ना?”

टेबलावरचं कापड मी केव्हाच काढून टाकलं होतं.

“ठेवतो,” मी म्हटलं.