स्टेज टूचं मेन्यूकार्ड

चाकणला तयार झालेली पोलो जीटी टीएसआय मुळात १०५ पीएसची. जर्मन इंजिनिअर एवढ्यावरच का थांबले? ट्यूनरकडे उत्तर तयार: घाबरट हो! मग मेन्यूकार्ड पुढे येतं. स्टेज वन म्हणजे नुसता ईसीयूचा रिमॅप. टर्बोचा दाब वाढवायचा, ठिणगी जरा आधी पाडायची. स्टेज टू म्हणजे डाउनपाइप, इनटेक आणि घरी निम्माच सांगितलेला खर्च. शिवाय मॅप कुठल्या पेट्रोलचा, ९१ ऑक्टेनचा की ९५चा? ९५च्या मॅपवर ९१ भरलं की इंजिन नॉक करू लागतं, ईसीयू ठिणगी मागे ओढतो आणि रोख मोजून आणलेले घोडे तबेल्यात परततात. त्यातून सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी पेलतो २५० न्यूटनमीटरपर्यंत; हा पदार्थ मेन्यूकार्डात नसतो. गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणाऱ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चं तर नावच काढू नये. वॉरंटी? ‘सर्व्हिसिंगच्या आधी या, मूळ फाइल टाकून देतो,’ असं इतक्या निरागसपणे सांगतात की चोरटेपणा वाटतच नाही. एवढं करून द्रुतगती मार्गावर मोटारींना मर्यादा ताशी १०० किलोमीटर. आणि तिथं पोचायच्या आधी, चांदणी चौकात, पुढ्यात पीएमपीची बस.