रॅम वाढवा, साहेब

संगणकाचं काही अडलं की आधी समोरच्याचं इंटरनेट खराब आहे असं सांगायचं, हा आमच्या धंद्यातला कुलाचार. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेतून कॅशिअर मॅडमचा फोन आला, "सर, मोबाईल नंबर टाकून खातेदार शोधला की नुसतं चक्र फिरतंय. माणूस समोर उभा आहे." मी म्हणालो, "नेट बघा." त्या म्हणाल्या, "नेट कुठलं? सर्व्हर माझ्या टेबलाखालीच आहे."

मग दुसरा कुलाचार, रॅम. व्यवस्थापकांना मी असं काही घाबरवलं की संचालक मंडळाने ठराव करून नवा सर्व्हरच घेतला. चक्र नव्याकोऱ्या सर्व्हरवर फिरू लागलं.

वास्तविक माझ्या लॅपटॉपवर या शोधाची क्वेरी चुटकीसरशी उत्तर द्यायची. तिथे खातेदार होते मूठभर, आणि त्यांतल्या बहुतेकांचं नाव 'टेस्ट', आडनावही 'टेस्ट'. संस्थेकडे लाखांनी नोंदी. माझ्या त्या प्रकाराला मी चाचणी म्हणायचो आणि तिचे पैसेही लावायचो.

आता उरला इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. मोबाईलच्या रकान्यावर तो आधीपासून होता. तरी अंगात आल्यासारखं मी जन्मतारीख, पिनकोड, वारसाचं नाव, व्यवहाराचा शेरा, दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स चढवले. नवी नोंद आली की यातली प्रत्येक सूची दुरुस्त करावी लागते, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. संध्याकाळी दिवसभराची वसुली चढवायला रांगेत ताटकळलेल्या पिग्मी एजंटांनी ते मला समजेल अशा भाषेत सांगितलं. ती भाषा छापण्याजोगी नाही.

शेवटी आमच्याकडे नव्याने शिकायला आलेल्या मुलीने विचारलं, "सर, एक्स्प्लेन लावून बघितलं का?" मायएसक्यूएलमध्ये क्वेरीच्या आधी तेवढा एक शब्द लिहिला की ती कुठल्या वाटेने जाणार ते दिसतं. मी "हो, हो" म्हणत तिच्या खांद्यावरून पाहू लागलो. 'पॉसिबल कीज'खाली मोबाईलचा इंडेक्स हजर. शेजारच्या 'की'खाली नल, म्हणजे वापरात एकही नाही. 'टाइप'खाली ऑल, म्हणजे अख्खं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मोबाईलचा रकाना मीच मजकुराचा, व्हारकार केला होता. लोक नंबराआधी शून्य लावतात म्हणून. (एवढी एक दूरदृष्टी माझ्या नावावर जमा धरावी.) क्वेरीत मात्र नंबर अवतरणचिन्हांशिवाय, निव्वळ आकडा म्हणून जात होता. आकडा म्हटल्यावर शून्य लावलेला, न लावलेला, आधी मोकळी जागा सुटलेला, सगळे नंबर सारखेच. मजकुराच्या क्रमाने लावलेल्या सूचीत ते एका जागी सापडणार कसे? म्हणून बिचारं मायएसक्यूएल दर वेळी प्रत्येक खातेदाराचा मोबाईल आकड्यात बदलून ताडून बघत होतं.

मुलीने नंबराला दोन बाजूंनी दोन चिन्हं लावली. मॅडमनी एंटर दाबलं आणि बोट उचलायच्या आत खातेदार हजर. जादा इंडेक्स मी रात्री गुपचूप काढले.

वार्षिक सभेत नव्या सर्व्हरमुळे कामकाज गतिमान झाल्याबद्दल अध्यक्षांनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. ती मुलगी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती, जरा जास्तच जोरात.