जिगरी दोस्त कसे व्हावे : भिवापूर तालुक्यातील होतकरूंसाठी सूचना

हाँगकाँगकडे कँटोनीज बोलणारे लोक धीट गड्याला 'पुरेसं आलं असलेला' म्हणतात. ज्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावाच्या पोट्ट्यांनी आल्यापुढे हार मानू नये, यासाठी हा प्रपंच.

आधी शब्द. मित्राला 'वाघ' म्हणायची पद्धत महाराष्ट्रभर असली तरी इथे जपून. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य शेजारीच आहे. 'वाघ आला बे' म्हटलं की स्वागताला कोणी थांबत नाही. 'भिडू' मुंबईचा, 'नाद खुळा' कोल्हापूरचा. भिवापूरच्या चौकात दोन्ही पाहुण्यासारखे अवघडून उभे राहतात. 'गद्दार' टाळावा. जून २०२२ पासून पुढाऱ्यांनी तो इतका वापरला, की उसने दोनशे बुडवणाऱ्या दोस्ताला ते मोठं पद दिल्यासारखं होतं. त्याला 'पलटीबाज' पुरे.

निष्ठेचं काम सोपं आहे : वाढदिवसाचा फ्लेक्स, काळा गॉगल, शुभेच्छुकांच्या रांगेत आपला फोटो.

धाडसाचं प्रात्यक्षिक मात्र मिरची सातऱ्यावर करावं. तिथे बाया दिवसभर लाल मिरचीच्या ढिगाशी बसून देठ तोडतात. बोटं जळतात, खोकला येतो, हात चालूच. दंडावर 'जिगर' गोंदवलेला पोट्टा तिथे पंधरा मिनिटांत डोळे चोळत 'गाडी चौकात ठेवली बे' म्हणून उठतो. याला कल्टी म्हणतात. बाया काही म्हणत नाहीत, नुसत्या हसतात; त्याचं जास्त लागतं.

आता मुख्य मंत्र : 'मी हावो ना बे, टेन्शन काहून घेतं?' दवाखाना, पोलीस ठाणं, मुलगी पाहायला जाणं, कुठेही चालतो. अपवाद एकच, पतसंस्थेतला जामीनदाराचा रकाना. तिथे मंत्र आधार कार्डाची झेरॉक्स मागेपर्यंतच टिकतो. मग कार्ड घरी राहतं, मोबाइलची बॅटरी संपते, मामा वारतो. हाँगकाँगात इमानाचा देव क्वान यू पोलीस ठाण्यातही पुजतात आणि गुंडांच्या टोळ्याही पुजतात, पण त्याच्याकडूनही कोणी जामीनदार म्हणून सही घेतल्याचं ऐकिवात नाही.

एखादा मात्र न मागता खिशातून झेरॉक्स काढतो. त्याच्यासाठी शब्द शोधत बसू नये. हप्त्याची तारीख सांगून ठेवावी.